रक्ताची किंमत, पाण्याचा हिशोब : 'ड्यून'मधील फ्रेमेन समाजाची मानमर्यादा

अराकीस या वाळवंटी ग्रहाचा कारभार नुकताच हाती घेतलेला ड्यूक लेटो आपल्या सरदारांसोबत मसलतीला बसला आहे. वाळवंटातल्या फ्रेमेन टोळीचा प्रमुख स्टिलगर आत येतो, ड्यूकशी बोलतो आणि सगळ्यांदेखत त्याच्यासमोरच्या टेबलावर थुंकतो. सरदार संतापून उठू लागतात. तेवढ्यात डंकन आयडाहो हा ड्यूकचा विश्वासू योद्धा त्यांना थांबवतो, शरीरातले पाणी भेट दिल्याबद्दल स्टिलगरचे आभार मानतो आणि स्वतःही त्याच टेबलावर थुंकतो. ज्या ग्रहावर पाऊस पडत नाही तिथे तोंडातला ओलावा कुणासाठी तरी खर्च करणे म्हणजे मोठा आदर, हे तेव्हा बाकीच्यांच्या ध्यानात येते.

फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' (1965) या कादंबरीतला हा प्रसंग. काल्पनिक लढवय्या समाजांच्या मानमर्यादांचा विचार इथून सुरू करणे सोयीचे आहे, कारण हर्बर्टची सगळी मांडणी त्यात आली आहे. ज्या समाजात जे दुर्मीळ, त्याच नाण्यात तिथला मान मोजला जातो. अशा समाजांच्या कथांची वाचकाला ओढ असते ती शपथा, सुरे आणि द्वंद्वे यांच्यामुळे. त्या ओढीत एक प्रश्न मात्र मागे पडतो. या रीतिरिवाजांमुळे समाज खरोखर तगतो का, आणि ज्या परिस्थितीने ते घडवले ती पालटली की त्यांचे काय होते? फ्रेमेनांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर लेखकानेच पुढच्या खंडांमध्ये सविस्तर दिले आहे. म्हणून हा आढावा मुख्यतः फ्रेमेनांचा आहे. इतर समाज तुलनेपुरते येतील.

पाण्यावर उभी असलेली नीती

फ्रेमेन हे 'झेन्सुन्नी' नावाच्या पंथाचे वंशज. एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर हाकलले जात अखेर ते अराकीसच्या वाळवंटात स्थिरावले. कड्याकपारींतल्या त्यांच्या वस्तीला 'सीच' म्हणतात आणि टोळीप्रमुखाला 'नाईब'. ते अंगात 'स्टिलसूट' घालतात. घाम, लघवी, श्वासातली वाफ असे सगळे गाळून पुन्हा पिण्याजोगे करणारा हा पोशाख नीट बसवलेला असेल, तर दिवसभरात माणसाचे अंगुस्तानभर पाणीच वाया जाते. त्यामुळे पोशाख ढिला बांधणे हे तिथे निष्काळजीपणाचे लक्षण ठरते आणि निष्काळजी माणूस सगळ्या जथ्याला धोक्यात घालतो.

या नीतीचा मूळ नियम असा की माणसाचा देह त्याचा, पण देहातले पाणी टोळीचे. माणूस मेला की त्याचे पाणी काढून घेतले जाते, मोजले जाते आणि साठ्यात ओतले जाते. शहरी वाचकाला हे ऐकून शिसारी येईल. पण फ्रेमेनांच्या दृष्टीने मृताला यापेक्षा मोठा सन्मान नाही, कारण तो मरणानंतरही आपल्या माणसांच्या उपयोगी पडतो. शत्रूच्या हल्ल्यात ड्यूकचा पराभव होतो. त्यानंतर त्याचा वृद्ध सल्लागार थुफिर हवात वाळवंटात अडकतो, तेव्हा त्याला भेटलेला फ्रेमेन जखमी सैनिकांच्या पाण्याचा निर्णय विचारतो. हवातला आधी काही कळतच नाही. त्याचा एक जखमी सैनिक मरतो आणि त्याचे पाणी टोळीला द्यायला हवात संमती देतो, तेव्हा कुठे दोन्ही गटांत पाण्याचे नाते जुळते आणि खरी मदत सुरू होते. करारमदार, शपथा, साक्षीदार यांची जागा इथे एका मृतदेहाने घेतली आहे.

शहरातल्या रीतीशी तुलना केली की हा फरक जास्त उठून दिसतो. राजधानीतल्या वाड्यात मेजवानीला आलेले पाहुणे घंगाळात हात बुचकळतात, पाणी मुद्दाम फरशीवर सांडतात आणि हात पुसलेले टॉवेल दाराबाहेर भिकाऱ्यांसाठी पिळले जातात, अशी जुनी प्रथा होती. ड्यूक लेटो ती बंद करतो आणि दाराशी येणाऱ्याला पाणी द्यायला सांगतो. त्याच वाड्याबाहेर खजुराची वीस झाडे आहेत. एका झाडाला दिवसाला 40 लिटर पाणी लागते आणि माणसाला 8 लिटर, म्हणजे एक झाड पाच माणसांचे पाणी पिते आणि वीस झाडे शंभर माणसांचे. रस्त्याने जाणारे लोक त्या झाडांकडे ज्या नजरेने पाहतात, त्यात असूया असते, द्वेष असतो आणि थोडी आशाही असते. श्रीमंताची प्रतिष्ठा तिथे पाणी उधळून सिद्ध होते. फ्रेमेनाची प्रतिष्ठा पाणी सांभाळून. एकाच ग्रहावर, एकाच टंचाईतून दोन परस्परविरोधी नीती जन्माला आल्या आहेत. यावरून एक गोष्ट नक्की होते. टंचाईमुळे आपोआप सद्गुण येत नाही. टंचाईचा भार कसा वाटून घेतला जातो, यावर ते ठरते.

जामिसचे द्वंद्व

या समाजाचा गाभा जवळून पाहायचा तर जामिसच्या मृत्यूचे प्रकरण सावकाश वाचायला हवे.

ड्यूकचा मुलगा पॉल आणि त्याची आई जेसिका वाळवंटात पळून येतात आणि स्टिलगरच्या टोळीला सापडतात. मुलगा वयाने लहान आहे, शिकेल, म्हणून त्याला ठेवून घ्यावे आणि वाळवंटाची सवय नसलेल्या आईचे पाणी काढावे, असा स्टिलगरचा पहिला हिशोब असतो. जेसिका त्यालाच जेरबंद करते, तेव्हा हिशोब बदलतो. पण त्या झटापटीत पोराने आपल्याला लोळवले हा अपमान जामिसला सहन होत नाही. तो 'आम्तल' नियमाचा आधार घेऊन द्वंद्वाची मागणी करतो. प्रमुखाला हे द्वंद्व नको आहे, पण नियमापुढे त्याचाही इलाज चालत नाही.

लढत सुरू होते. पॉलला लहानपणापासून ऊर्जाकवच घातलेल्या प्रतिस्पर्ध्याशी लढायची सवय आहे. कवच भेदायचे तर शेवटच्या क्षणी पाते हळू करावे लागते. त्या सवयीने त्याचे वार ऐनवेळी मंदावतात. पाहणाऱ्यांना वाटते, हा मुलगा जामिसला खेळवतो आहे. पॉल त्याला शरण यायला सांगतो, तेव्हा तर कुजबुज आणखी वाढते. आम्तलमध्ये शरणागती नसतेच, आणि मरणाऱ्या माणसाशी खेळणे हे फ्रेमेनांच्या लेखी लाजिरवाणे कृत्य आहे. स्टिलगर चिडून विचारतो तेव्हा जेसिका सांगते की तिच्या मुलाने आजवर कुणाला सुऱ्याने मारलेले नाही. जमावाला यावर विश्वास ठेवणे जड जाते. मारणे हे त्यांच्या जगात इतके सरावाचे आहे.

जामिस मरतो. हर्बर्टला जे सांगायचे आहे ते इथून पुढे येते. प्रेताचे पाणी काढले जाते आणि मोजले जाते. ते भरते 33 लिटर आणि वर सात पूर्णांक तीन-बत्तिसांश ड्राम. हा अपूर्णांक लेखकाने उगाच घातलेला नाही. इतके काटेकोर मोजमाप म्हणजे एका माणसाच्या मोलाची टोळीने घेतलेली नोंद. द्वंद्वातले पाणी जिंकणाऱ्याला मिळते, कारण लढताना दोघांनाही स्टिलसूट उतरवावा लागतो आणि घामावाटे गेलेले पाणी भरून यायला हवे. पॉलला ते पाणी नको असते, पण नाकारायची मुभा नाही.

मग अंत्यविधी. जामिसचे सामान मध्ये ठेवलेले आहे. एकेक जण उठतो, आपण जामिसचा मित्र होतो असे म्हणतो, त्याने आपल्याला काय दिले ते सांगतो आणि एक वस्तू उचलतो. ज्याने त्याला मारले त्या पॉललाही उठावे लागते. तोही मित्र असल्याचे सांगतो, जामिसचे तंतुवाद्य घेतो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येते. जमाव थक्क होतो. मेलेल्यासाठी कुणी आपल्या शरीरातले पाणी देते आहे, हे त्यांनी पाहिलेले नसते. कुणीतरी हात पुढे करून त्याच्या गालाला स्पर्श करून पाहते.

आणि एवढ्यावर भागत नाही. जामिसची विधवा हारा आणि तिची दोन मुले यांची जबाबदारी आता पॉलवर येते. तिला बायको म्हणून स्वीकारायचे की सेविका म्हणून, हे त्याने सांगायचे आहे. वर्षभराने ती स्वतंत्र. त्या दोन मुलांपैकी एक तिच्या आधीच्या नवऱ्याचा आहे, आणि त्या नवऱ्याला जामिसनेच द्वंद्वात मारले होते. म्हणजे मारणाऱ्याच्या घरी मेलेल्याचे पोर वाढते, हा त्या समाजात रोजचा व्यवहार आहे.

ही रीत निर्दय आहे, यात शंका नाही. क्षुल्लक अपमानापायी एक जीव गेला आणि प्रमुखाला तो वाचवता आला नाही. पण तिच्यात एक गोष्ट पक्की आहे. मारणारा मोकळा सुटत नाही. मेलेल्याचे पाणी मोजून घ्यावे लागते, त्याच्या मित्रांसमोर उभे राहून तोंड उघडावे लागते, त्याची चूल चालवावी लागते. फ्रेमेनांच्या मानाच्या कल्पनेत जी काही माणुसकी आहे ती या उघड देण्यात आहे. माझ्या मते, पुढचे सगळे खंड याच देण्याभोवती फिरतात.

प्रमुख, स्त्रिया आणि नियमाला मुरड

फ्रेमेनांचा नाईब वारशाने ठरत नाही. आधीच्याला द्वंद्वात मारून नवा प्रमुख होतो. यामागे हिशोब असा की जो दुबळा झाला त्याच्या हाती टोळीचे पाणी ठेवणे परवडणारे नाही. पॉलचा प्रभाव वाढतो तसे तरुण फ्रेमेन त्याने स्टिलगरला आव्हान द्यावे म्हणून अडून बसतात. पॉल भर सभेत विचारतो की लढाई तोंडावर असताना आपलाच सुरा मोडायचा का, आपलाच उजवा हात तोडायचा का. तो द्वंद्व टाळतो आणि स्टिलगरला ड्यूकच्या नात्याने शपथ देऊन टोळीचे नेतृत्व त्याच्याकडेच ठेवतो.

वाचताना आपण सुटकेचा श्वास सोडतो, कारण स्टिलगर आपल्याला आवडू लागलेला असतो. पण या सुधारणेची दुसरी बाजू गंभीर आहे. द्वंद्वाची रीत क्रूर असली तरी प्रमुखावर तेवढाच एक अंकुश होता. ती बाजूला सारल्यावर सगळ्या टोळ्यांच्या निष्ठा एका माणसापाशी जमा झाल्या आणि त्याला जाब विचारायचा मार्ग उरला नाही. कादंबरी संपता संपता पॉलला दिसते की आपला मित्र स्टिलगर आता आपला भक्त झाला आहे. जुना नियम मोडताना तो ज्या कामासाठी होता ते काम आता कोण करणार, याचा विचार झाला नाही, आणि त्याची किंमत पुढे अवघ्या साम्राज्याला मोजावी लागली.

स्त्रियांचे स्थान हा अभ्यासकांमधला वादाचा विषय. फ्रेमेन स्त्रिया लढतात. दक्षिणेच्या सीचवर बादशहाच्या फौजेने हल्ला केला तेव्हा म्हातारे, बायका आणि मुले यांनी तो परतवला. टोळीची धर्ममाता स्त्रीच असते. पॉलला आव्हान द्यायला आलेल्याला चानी परस्पर मारते, म्हणजे पॉलच्या बायकोच्या हातून मरण्याच्या नामुष्कीला भिऊन इतर हौशे-नवशे दूर राहतील. तरीही हाराला मात्र घर आणि सामानासोबत दुसऱ्याच्या स्वाधीन केले जाते. 'ड्यून'मधल्या स्त्रियांच्या कर्तेपणावर कारा केनेडी यांनी स्वतंत्र अभ्यास केला आहे. पण हातात सुरा असणे आणि स्वतःच्या आयुष्यावर हक्क असणे या दोन गोष्टी फ्रेमेन समाजात वेगळ्या राहिल्या, हे मान्य करावेच लागते.

साचा कुठून आला

हर्बर्ट पेशाने पत्रकार. 1957 मध्ये तो ओरेगन राज्यातल्या फ्लॉरेन्स गावाजवळ गेला. तिथे सरकत्या वाळूच्या टेकड्या गवत लावून थोपवण्याचा सरकारी प्रयोग चालू होता. त्यावरचा लेख छापून आला नाही, पण वाळवंट, पर्यावरण आणि त्यात जगणारी माणसे हा विषय त्याच्या डोक्यातून गेला नाही. 'अ‍ॅनालॉग' मासिकात 1963 ते 1965 या काळात कथानक दोन भागांत क्रमशः आले. ग्रंथरूपाला अनेक प्रकाशकांनी नकार दिला आणि शेवटी मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चिल्टन या प्रकाशनसंस्थेने ते छापले.

फ्रेमेनांच्या रीतिरिवाजांमागे अरब बदाऊनांचा आणि टी. ई. लॉरेन्सच्या कथेचा धागा आहे, हे बहुतेकांना जाणवते. दुसरा धागा कॉकेशसच्या डोंगरातला. लेस्ली ब्लँच यांचे 'द सेबर्स ऑफ पॅराडाइज' हे पुस्तक 1960 मध्ये आले. रशियन साम्राज्याविरुद्ध दशकानुदशके लढलेल्या आणि 1859 मध्ये शरण गेलेल्या इमाम शामिलची ती कहाणी आहे. हर्बर्टने त्यातून बरेच घेतले. 'चाकोब्सा' हे फ्रेमेनांच्या गुप्त भाषेचे नाव तिथलेच. 'सीच' हा शब्द कोसॅकांच्या छावणीचा. हॅरिस दुर्रानी यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की इस्लामी परंपरेशी या कादंबरीचे नाते चार उसन्या शब्दांपुरते नाही. तिच्या धर्मविचारापर्यंत ते पोहोचते.

या उसनवारीवर आक्षेपही आहे. बाहेरून आलेला एक राजपुत्र स्थानिकांचे कसब शिकतो आणि त्यांच्यापेक्षा वरचढ होऊन त्यांचा तारणहार बनतो, हा वसाहतवादी कथांचा जुना साचा. आक्षेपात तथ्य आहे. मात्र हर्बर्टने त्याच साच्यात सुरुंग पेरला आहे. तारणहाराची भविष्यवाणी फ्रेमेनांमध्ये आपोआप रुजलेली नाही. बेने जेसेरिट या स्त्रीसंघाने आपल्या सोयीसाठी ती पिढ्यान्पिढ्या आधी पेरून ठेवली होती. पॉल तिचा वापर करतो आणि आपण काय करतो आहोत, हे त्याला पुरते ठाऊक असते.

खडतर भूमी, खडे सैनिक?

कादंबरीत एक सिद्धांत वारंवार येतो. खडतर जागी जगणारे लोक उत्तम लढवय्ये होतात. बादशहाची 'सार्डोकार' फौज सालुसा सेकुंडस या तुरुंगग्रहावर घडते, जिथे नव्या कैद्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक मरतात. अराकीस तर त्याहून कठीण, म्हणून फ्रेमेन त्यांच्याहून सरस. या विचाराला जुनी परंपरा आहे. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने 'मुकद्दिमा'मध्ये मांडले की वाळवंटी टोळ्यांमधली घट्ट एकजूट त्यांना सत्ता मिळवून देते आणि शहरी सुखात काही पिढ्यांतच ती एकजूट विरते.

इतिहासकार ब्रेट डेव्हरो यांनी 2020 मध्ये एका लेखमालेत या समजाची कठोर तपासणी केली. त्यांचे म्हणणे असे की इतिहासात बहुतेक वेळा शेतीवर पोसलेली, मोठ्या लोकसंख्येची, संघटित राज्येच जिंकली. गरीब आणि कणखर लोकांच्या विजयाच्या कथा आपल्याला लक्षात राहतात त्या त्यांच्या विरळपणामुळे. 'कठोरपणा हीच ताकद' हे सूत्र राजकारणात किती घातक ठरू शकते, हेही त्यांनी दाखवले. हा आक्षेप मला पटतो. कठोरपणाचे आकर्षण वाचनातून आचरणात उतरायला वेळ लागत नाही.

पण मूळ कादंबरी बारकाईने वाचली तर तिच्यात या सिद्धांताचे उत्तरही सापडते. फ्रेमेन जिंकतात ते नुसते रापलेले असल्यामुळे नव्हे. ते हवेतला ओलावा पकडणारी यंत्रे चालवतात, स्वतःच्या कारखान्यांत स्टिलसूट बनवतात, वाळवंटावर टेहळणी उपग्रह येऊ नयेत म्हणून अंतराळवाहतूक करणाऱ्या संघाला 'मसाला' या अराकीसवरच्या मौल्यवान पदार्थाची प्रचंड लाच नियमित भरतात. एका सीचच्या टाक्यात तीन कोटी ऐंशी लाख डेकालिटरहून जास्त पाणी साठलेले आहे आणि तहानेने जीव चाललेला असतानाही त्याला कुणी हात लावत नाही. पार्डोट काइन्झ या ग्रहशास्त्रज्ञाने त्यांना सांगितले होते की ग्रहावरच्या हिरव्या वनस्पतींचे प्रमाण तीन टक्क्यांवर गेले की निसर्गचक्र आपले आपण चालू लागेल, पण त्याला तीनशे ते पाचशे वर्षे लागतील. आपण आणि आपली नातवंडे जो हिरवा देश पाहणार नाहीत, त्याच्यासाठी थेंब थेंब साठवत राहणे, यासाठी लागणारा विश्वास ही फ्रेमेनांची खरी ताकद. सार्डोकारांकडे मरणाची भीती नाहीशी करणारे शिक्षण आहे, पण एकमेकांचे असे देणे नाही. दोन्हीकडचा खडतरपणा सारखा धरला तरी फरक उरतो तो या विश्वासाचा.

इतर लढवय्ये समाज

याच कसोटीवर इतर काल्पनिक समाज पाहता येतात. 'स्टार ट्रेक'मधले क्लिंगॉन 1967 मध्ये आले तेव्हा साधे खलनायक होते. 1987 पासूनच्या दुसऱ्या मालिकेत त्यांना मानमर्यादेचे सखोल रूप मिळाले. त्यातल्या वॉर्फच्या बापावर देशद्रोहाचा खोटा ठपका येतो. खरा गुन्हेगार बड्या घराण्यातला असल्याने साम्राज्य फुटू नये म्हणून वॉर्फ ती बदनामी आपल्या शिरावर घेतो. मानाच्या नावाने चालणाऱ्या दरबारात सत्य जाणणारा एकटा माणूस मान गमावून बसतो, ही त्या कथेची ताकद.

जॉर्ज मार्टिनच्या 1996 च्या कादंबरीतले डोथ्राकी त्यांच्या पवित्र नगरीत शस्त्र बाळगत नाहीत आणि रक्त सांडत नाहीत. पण तिथे एका उद्दाम राजपुत्राच्या डोक्यावर वितळलेले सोने ओतले जाते. रक्ताचा थेंब न सांडता माणूस मेला. नियमाचे अक्षर तेवढे शाबूत राहिले. रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम' मालिकेतल्या आएल लोकांवर फ्रेमेनांची छाप स्पष्ट आहे. त्यांच्याकडे मान आणि देणे यांची जोडीच नीतीचा पाया असतो. पकडला गेलेला शत्रू पांढरे कपडे घालून एक वर्ष आणि एक दिवस सेवा करतो आणि मोकळा होतो. या तिन्हींपैकी आएल फ्रेमेनांच्या सर्वांत जवळचे वाटतात, कारण देणे मोजून फेडायची कल्पना दोघांकडेही आहे.

देणे संपले तेव्हा

'ड्यून मसाया' (1969) मध्ये पॉल बादशहा झाला आहे. त्याच्या नावाने फ्रेमेनांनी बारा वर्षे धर्मयुद्ध चालवले. त्याचा आकडा तो स्वतः स्टिलगरला ऐकवतो: 61 अब्ज माणसे मेली, 90 ग्रह निर्जीव झाले, आणखी 500 ग्रहांचे मनोबल मोडले गेले, 40 धर्म त्यांच्या अनुयायांसकट संपले. चंगेझखान आणि हिटलर यांच्या कामगिरीशी तो स्वतःची तुलना करतो.

जामिसचे पाणी ड्रामच्या बत्तिसाव्या भागापर्यंत मोजणारा समाज तोच आहे. त्याच लोकांनी 61 अब्ज माणसे मारली आणि कुणाच्याही विधवेला कुणी घरी आणले नाही, कुणाच्याही सामानाजवळ उभे राहून मित्र म्हटले नाही. शौर्य, आज्ञापालन, मरणाची बेपर्वाई हे संहितेतले गुण तसेच राहिले. गळून पडला तो मारल्याचा भुर्दंड. वाळवंटात शत्रूही ओळखीचा होता, त्याला मारले तर त्याचे पाणी आणि त्याची मुले आपल्याच दारात येत. परक्या ग्रहावर मारलेला माणूस नावाशिवाय मेला. फारोक नावाचा जुना योद्धा समुद्र पाहायला मिळेल म्हणून या युद्धात सामील झाला होता. समुद्र त्याने पाहिला, पण पुढे त्याच युद्धात त्याच्या मुलाचे डोळे गेले आणि तो बादशहाविरुद्धच्या कटात जाऊन बसला.

पॉल स्वतः शेवटी जुन्या नियमाकडे परततो. फ्रेमेन रीतीप्रमाणे आंधळ्याला वाळवंटात सोडून दिले जाते. दृष्टी गमावलेला पॉल एकटाच वाळवंटात चालत जातो. साम्राज्याने दिलेली सूट तो घेत नाही, आणि त्यामुळेच फ्रेमेन त्याला पुन्हा आपला मानतात.

'चिल्ड्रन ऑफ ड्यून' (1976) मध्ये अराकीसवर पाणी येऊ लागते. तरुण पिढी स्टिलसूट नीट घालत नाही, पोशाखांचा दर्जा घसरतो. म्हाताऱ्या स्टिलगरला हे बोचते. त्याचा मान आता दुसऱ्यांच्या हातचे हत्यार झाला आहे, हे सर्वांत दुःखद. तटस्थ राहिलेल्या स्टिलगरला एका बाजूला ओढण्यासाठी डंकन त्याच्या सीचमध्ये एकाचा खून करतो आणि मुद्दाम त्याला शिव्या देतो. स्टिलगर संतापाच्या भरात डंकनला मारतो आणि क्षणभराने त्याच्या लक्षात येते की डंकनला हेच हवे होते. मानाच्या नियमांनी बांधलेला माणूस पुढे काय करील, हे शत्रूलाही अगोदर कळते.

'गॉड एम्परर ऑफ ड्यून' (1981) साडेतीन हजार वर्षे पुढचे आहे. तिथे उरले आहेत 'संग्रहालयी फ्रेमेन'. ते जुने विधी करतात, पण त्यांचा अर्थ त्यांना कळत नाही. वाळवंट जवळजवळ नाहीसे झाले आहे, विधी मात्र चालू आहेत, कारण कुणाचेच काही देणे लागत नसल्यामुळे ते करणे सोपे झाले आहे.

पडद्यावरचे फ्रेमेन

डेव्हिड लिंचच्या 1984 च्या चित्रपटात शेवटी अराकीसवर पाऊस पडतो आणि पॉल खराखुरा अवतार ठरतो. हर्बर्टने दिलेला इशारा त्यात पुसला गेला. डेनी विलनव्हच्या 2021 आणि 2024 च्या दोन चित्रपटांनी तो परत आणला. दुसऱ्या भागात फ्रेमेनांमध्येच फूट दाखवली आहे. दक्षिणेकडचे कट्टर श्रद्धाळू आणि उत्तरेकडचे शंका घेणारे, आणि शंका घेणाऱ्यांचा आवाज चानी. पुस्तकात चानी शेवटपर्यंत पॉलच्या बाजूने आहे. चित्रपटात ती त्याला सोडून निघून जाते. मला हा बदल योग्य वाटतो. समाज म्हटला की त्यात नियम न मानणारेही असतात, आणि कादंबरीत फ्रेमेन कधी कधी एकाच आवाजात बोलतात ही तिची खरी उणीव होती.

निष्कर्ष

अशा समाजांवरच्या लिखाणात दोन टोके नेहमी दिसतात. एक कठोरपणाची पूजा करते, दुसरे सगळी मानमर्यादा रानटी ठरवून मोकळे होते. फ्रेमेनांची कथा दोन्ही टोकांना पुरून उरते. त्यांची रीत निर्दय होती, तरी तिने माणसे एकत्र ठेवली, कारण घेतलेल्या प्रत्येक जिवाचे देणे घेणाऱ्याच्या दारी येत होते. ते देणे सुटले आणि बाकीचे सगळे गुण उरले, तेव्हा त्या गुणांनीच अब्जावधींचा बळी घेतला. शौर्य, निष्ठा, शब्द पाळणे, मरणाला न भिणे हे गुण एकटे सोडले तर कुणाच्याही सेवेत रुजू होतात.

म्हणून एखाद्या समाजाचा, सैन्याचा किंवा पंथाचा मान किती मोठा, हे त्याच्या शूरांच्या गोष्टींवरून ठरवू नये. त्याने ज्यांना मारले, हरवले, विस्थापित केले, त्यांच्या बायकामुलांचे पुढे काय होते आणि तो खर्च कोण उचलते, हे विचारावे. ज्या समाजाला याचे उत्तर देता येते, त्याच्याशी वाद घालता येतो आणि त्याला बदलताही येते. ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्या मानाच्या घोषणा कितीही उदात्त असोत, आपण त्यांच्यापासून सावध राहायला हवे.